एकोणतिसावी नोंद

घर विकायचं यावर आम्हा दोघा भावंडांचं एकमत होतं. वाद होता तो एवढाच, की डागडुजी करून विकायचं की आहे तसं.

"ताई, भेगा बुजव, रंग मार, नळ बदल," धाकटा फोनवर म्हणाला. "लोक घर डोळ्यांनी घेतात." तो समुद्रापलीकडे राहतो आणि तिथून त्याला सगळंच सोपं दिसतं. मी म्हटलं, आधी बघते, मग सांगते.

बघणं हेच माझं काम आहे. एकतीस वर्षं मी इमारतींची तपासणी करते. बोटाच्या पेरांनी भिंत वाजवायची; गिलावा धरून असला तर आवाज कोरडा येतो, सुटला असेल तर रिकाम्या डब्यावर वाजवल्यासारखा. दोष सापडला की खडूने त्याच्याभोवती गोल करायचा, आत क्रमांक घालायचा आणि त्याच क्रमांकाखाली वहीत नोंद करायची. काय बिघडलंय, कुठे, किती आणि उपाय काय. लोकांना माझी यादी आवडत नाही. आमचे साहेब म्हणतात, बाईंना स्वर्गात पाठवलं तरी पहिल्या दिवशी ओल शोधून काढतील. मी शोधीनही.

नऊ दिवसांची रजा काढली. घर चौदा महिने बंद होतं. बाबा गेल्यावर मी कुलूप लावून ऑफिसजवळ एक खोली भाड्याने घेतली होती आणि इकडे फिरकले नव्हते. त्याआधी अकरा वर्षं मी याच घरात होते. बाबांचं कमरेखालचं अंग गेलेलं. सकाळी त्यांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, ऑफिसला पळायचं, दुपारी धावत यायचं, पुन्हा जायचं. धाकट्याने त्या अकरा वर्षांत तीन फेऱ्या मारल्या. मला कुणी शाबासकी द्यावी अशी माझी अपेक्षा नव्हती, असं मी सगळ्यांना सांगत आले. खोटं कशाला बोलू, होती. कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं, की बाई, तू केलंस. बाबा म्हणाले नाहीत आणि धाकटा तर नाहीच नाही.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला कुलूप काढलं आणि दुपारी तीनपर्यंत यादी केली. घर लहान आहे. रस्त्याच्या बाजूला बाबांची खोली, मागे माझी, मध्ये स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणीघर. एकोणतीस नोंदी झाल्या. पहिल्या तीन दाराबाहेरच्या पायरीच्या आणि पन्हाळाच्या. चौथी माझ्या खोलीतली भेग, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी छतापर्यंत गेलेली. अकरावी छतावरची ओल. सतरावी स्वयंपाकघराचं दार, जे फरशीला घासत उघडायचं आणि ज्याच्या आवाजाने बाबा मला हाक मारायचे.

शेवटच्या चार नोंदी बाबांच्या खोलीभोवतीच्या. सव्वीस: न्हाणीघराच्या भिंतीत आधाराची दांडी बसवलेली, तिची चार भोकं. सत्तावीस: पलंगापासून माझ्या खोलीपर्यंत खिळे मारून नेलेली घंटीची वायर. अठ्ठावीस: भिंतीवर अडीच फूट उंचीवर तेलकट काळपट डाग. तिथे मी जमिनीवर बसून डोकं टेकायचे, बाबांना झोप लागेपर्यंत. एकोणतीस: फरशीतली चर. बाबांना रस्ता बघायला आवडायचा, म्हणून रोज सकाळी मी पलंग खिडकीशी ओढायचे आणि संध्याकाळी परत भिंतीशी लावायचे. पलंग लोखंडी होता आणि एका पायाचं रबर निघालेलं. अकरा वर्षांत त्या पायाने फरशीत सहा फुटांची चर पाडली होती, बोटाचं पेर बुडेल इतकी खोल.

पलंग मी बाबा गेले त्याच आठवड्यात देऊन टाकला. चर कुणाला देणार?

या चार नोंदी करताना हात जरा अडखळला. पण दोष तो दोष. घेणारा माणूस चर बघणार, त्यात कुणाची अकरा वर्षं गेली ते थोडंच बघणार आहे? मी लिहिलं, 'फरशी बदलणे.'

संध्याकाळी गवंडी आला. उंच, कानावर पेन्सिल, बोलायला मोकळा. त्याने माझ्या मागोमाग सगळं घर वाजवून पाहिलं. "बाई, तुम्ही तर घराची चिरफाडच केलीत," तो हसत म्हणाला. "आठ दिवसांचं काम आहे. पण ही चार नंबरची भेग आधी बघावी लागेल. वाढत असेल तर बुजवून उपयोग नाही."

ते मला तो काय सांगणार! भेग वाढतेय की थांबलीय हे बघायची आमची एक साधी रीत आहे. काचेची पातळ पट्टी घ्यायची, भेगेवर आडवी ठेवायची, दोन्ही टोकं प्लॅस्टरने भिंतीला पक्की चिकटवायची आणि वर तारीख लिहायची. भिंत जराही हलली तर काच तडकते. काच शाबूत राहिली तर भेग मेलेली, खुशाल बुजवा. मी पट्टी लावली, तारीख घातली आणि खोलीवर परत गेले. या घरात झोपणं माझ्या जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काच तडकलेली.

मला आनंदच झाला. निकाल लागला होता. मी तिथूनच धाकट्याला फोन केला. "भेग जिवंत आहे. दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात. आहे तसंच विकू." तो कुरकुरला, पण माझ्या कामात तो माझ्यापुढे काय बोलणार?

फोन ठेवून मी काच नीट पाहिली. एकतीस वर्षांत मी शेकडो काचा तडकलेल्या पाहिल्यात. भेग रुंदावते तेव्हा काचेचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब जातात, मधे फट पडते. इथे फट नव्हती. एक तुकडा दुसऱ्यावर चढला होता. काच ओढली गेली नव्हती, दाबली गेली होती.

मी पट्टी काढली. खाली भेग नव्हती. खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत मी नख फिरवलं. गिलावा सलग, गार आणि कोरडा होता. खडूचा गोल आणि आतला चारचा आकडाही नव्हता. पुसल्याची खूणसुद्धा दिसेना.

बाहेर जाऊन पाहिलं. पायरीचा उडालेला कोपरा जागेवर. पन्हाळ सरळ. एक, दोन, तीन, चार.

भिंती हवेप्रमाणे हलतात. पावसानंतर माती फुगते, उन्हात आकसते, भेगा मिटतात आणि पुन्हा उघडतात. हे मी नवख्या लोकांना शिकवते, तेच स्वतःला शिकवलं. पायरीच्या कोपऱ्याला माती काय करणार, या प्रश्नाकडे मी कानाडोळा केला. धाकट्याला मात्र पुन्हा फोन केला नाही. एका दिवसात दोनदा मत बदललेलं मला आवडत नाही.

तिसऱ्या सकाळी पाच ते आठ गेले. चौथ्या सकाळी नऊ ते बारा. छत पांढरंशुभ्र, ओल कधी नव्हतीच असं. दिवसाला चार, माझ्याच यादीच्या क्रमाने, एकही पुढेमागे नाही. माझ्या ओळखीतला कुठलाही कंत्राटदार या वेगाने आणि इतक्या शिस्तीने काम करत नाही. मी कड्या तपासल्या, खिडक्या तपासल्या, दाराला कागदाचा तुकडा अडकवून गेले. कागद जागच्या जागी होता. आत कुणी आलेलं नव्हतं. ओल्या सिमेंटचा वास नव्हता, धूळ नव्हती, थेंब सांडलेला नव्हता.

घाबरले का? पहिल्यांदा नाही. गंमत वाटली, असंही म्हणवत नाही. पण कुठेतरी बरं वाटलं. आयुष्यभर या घराची कामं मी एकटीने ओढली. आता घर आपलं आपण करतंय, तर करू दे बापडं.

पाचव्या दिवशी गवंडी सामानाचं विचारायला आला. मी त्याला घेऊन माझ्या खोलीत गेले आणि भिंत दाखवली.

"ही भेग आठवते ना?"

त्याने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठली भेग?"

"चार नंबरची. वाढतेय का ते आधी बघावं लागेल म्हणाला होतात तुम्ही."

"बाई, मी या घरात आज पहिल्यांदा येतोय," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "तुम्ही सकाळी फोन केलात म्हणून आलो." तो घरभर फिरला, चार ठिकाणी वाजवून पाहिलं. "पुढच्या खोलीत थोडं काम आहे. बाकी घर ठणठणीत आहे."

तो थट्टा करत नव्हता. थट्टा करणारा माणूस डोळ्यांतून कळतो. तो गेल्यावर मी वही उघडली. एकोणतीसच्या एकोणतीस नोंदी माझ्या अक्षरात जिथल्या तिथे होत्या. मला सगळं आठवत होतं. भेग कुठून निघाली, कुठे वळली, कुठे तिला फाटा फुटला, सगळं. म्हणजे ती भेग आता फक्त दोन ठिकाणी होती, माझ्या वहीत आणि माझ्या डोक्यात.

घाबरले ती तेव्हा. कारण यादीत पुढे काय आहे ते मला पाठ होतं.

तरी मी काही केलं नाही. काय करायचं असतं अशा वेळी? कुणाला सांगायचं? ऑफिसात सांगितलं असतं तर साहेबांनी मलाच वैद्यकीय रजेवर पाठवलं असतं. धाकट्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, ताई, छान झालं की, फोटो पाठव. सांगायला माणूसच नव्हतं. सहाव्या दिवशी स्वयंपाकघराचं दार बोटाच्या धक्क्याने आवाज न करता उघडलं. मी ते तीन-चारदा उघडझाप करून पाहिलं. पूर्वी त्याच्या एका घासण्यावर बाबांची हाक यायची, "आलीस का?" ती हाक कशी होती, जाड की बारीक, हे मला पटकन आठवेना. दारापाशी मी बराच वेळ उभी राहिले, मग आठवली.

आठव्या दिवशी मी सरळ न्हाणीघरात गेले. चार भोकं नव्हती. घंटीची वायर नव्हती, खिळ्यांच्या खुणाही नव्हत्या. बाबांच्या खोलीत भिंतीवर अडीच फुटांवर हात फिरवला. रंग सगळीकडे सारखा.

चर तेवढी होती. सहा फूट, पेरभर खोल, कडेला माझा खडूचा गोल आणि आत एकोणतीस.

मी चप्पल घालून रस्ता ओलांडला. समोर एका शिवणकामवाल्या बाईंचं दुकान आहे. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. अकरा वर्षं आमच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्या गल्ल्यात असायची. मी ऑफिसात अडकले की त्या मशीन बंद करून बाबांपाशी येऊन बसायच्या आणि मी आले की मला फैलावर घ्यायच्या, "कुठे मेली होतीस? म्हातारा तुझ्या नावाने रडून दमला." त्या शिव्या ऐकायला मी आता गेले होते.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "या. काय शिवायचंय तुम्हाला?"

त्या मला कधीच 'तुम्ही' म्हणत नसत.

"मावशी, मी समोरची. बाबांची मुलगी."

"समोरच्या घरातली?" त्यांनी मान वळवून घराकडे पाहिलं. "ते घर तर कधीचं बंद आहे हो. बारा वर्षं झाली असतील. एक गृहस्थ राहायचे एकटे, आजारी पडले तेव्हा त्यांना कुठल्याशा संस्थेत नेलं. मुलगी होती म्हणता त्यांना?" त्यांनी मला खालीवर निरखलं. "घर घेताय का? घ्या. बांधकाम चांगलं आहे म्हणतात."

रस्त्यातच उभी राहून मी धाकट्याला फोन लावला. त्याच्याकडे पहाट होती, पण त्याने उचलला.

"बाबांना शेवटची अकरा वर्षं कुणी सांभाळलं?"

"ताई, बरी आहेस ना?"

"सांग."

तो इतक्या मायेने बोलला, जितक्या मायेने तो माझ्याशी उभ्या आयुष्यात बोलला नव्हता. "संस्थेत ठेवलं होतं ना आपण. तुझी बदली लांबची होती, तू तरी काय करणार होतीस? सुट्टीत जायचीस की भेटायला. तू स्वतःला दोष देऊ नकोस, ताई. आपण दोघांनीही काहीच केलं नाही. त्यात तू एकटी नाहीस."

मी फोन बंद केला.

ती अकरा वर्षं मला परत नको होती. ती कुणावर येऊ नयेत. माझी कंबर, माझी झोप, माझं लग्नाचं वय, सगळं त्यांत गेलं. पण ती झालीच नाहीत, हे मला चालणार नव्हतं. ते मी सहन करणार नव्हते.

घरात आले. खोलीत चरीशेजारी जमिनीवर बसले आणि पाठ भिंतीला टेकली. दुपार टळत आली होती. उद्या सकाळी एवढंच काम उरलेलं, एकच नोंद. मग घर नव्यासारखं होईल, विकलं जाईल, आणि बाबांना कुणी सांभाळलं हे जगात फक्त मला ठाऊक असेल. काही दिवसांनी मलाही नीट आठवणार नाही. दाराच्या वेळीही पटकन नव्हतं आठवलं.

वही मांडीवर घेतली.

एकतीस वर्षांत मी एकही नोंद खोडलेली नाही. खोडण्यासाठी लोक हातापाया पडले, वरून फोन आले, एकदा तर एकाने दारात येऊन धमकी दिली. नाही खोडली. तपासनीस एकदा खोडायला लागला की संपला.

मी फूटपट्टी ठेवून एकोणतिसाव्या नोंदीवर सरळ रेघ मारली.

बाजूला लिहिलं: 'दोष नाही. दुरुस्ती करू नये. आहे तसे ठेवावे.' खाली सही केली, तारीख घातली. फरशीवरचा खडूचा गोल ओल्या फडक्याने पुसला, चरही आतून पुसून घेतली. सही नेहमीसारखीच आली होती.

निघताना धाकट्याला एका ओळीचा निरोप पाठवला. घर विकायचं नाही. त्याचे चार फोन आले, मी घेतले नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी आठलाच कुलूप काढलं.

चर होती.

मी दारातच खाली बसले आणि रडले. बाबा गेले तेव्हाही अशी रडले नव्हते. पदराने तोंड पुसलं, पुढे झाले, गुडघे टेकून चरीत बोट घातलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

बोटाला पांढरी पूड लागली.

काल मी चर ओल्या फडक्याने पुसली होती. पूड ताजी होती, फरशी नुकती घासल्यावर निघते तशी, आणि तिच्यात लोखंडाचे बारीक काळे कण होते.

मी टेप काढला. सवयीने काढला. सहा फूट दोन इंच. काल सहा फूट होती. वाढलेले दोन इंच खिडकीच्या बाजूचे.

खोलीत पलंग नव्हता. एक खुर्चीसुद्धा नव्हती.

मी उठले, चर पायाखाली येणार नाही अशा बेताने खिडकीशी गेले आणि दोन्ही दारं उघडली. रस्त्यावर ऊन आलं होतं. समोर मावशींनी दुकान उघडलं होतं. त्यांनी मान वर केली, चष्मा सरकवला आणि तिथूनच ओरडल्या, "काय गं, आज उशीर केलास!"

त्यांनी मला ओळखलं होतं. मी हात वर केला.

त्यांनीही केला. पण माझ्याकडे बघून नाही. माझ्या शेजारी, कमरेच्या उंचीवर, पलंग खिडकीशी लावला की उशी जिथे यायची तिथे बघून त्यांनी हात हलवला. क्षणभर थांबल्या, कुणीतरी उलट हात केल्यासारख्या हसल्या, आणि मशीन सुरू केलं.